मावळच्या हवेत जुना फिल्म कॅमेरा : निवड, वापर आणि सांभाळ

पावसाळा तोंडावर आला की वाचकांचे तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागतात. वडिलांचा यशिका कपाटात सापडला, तो चालू होईल का? पुण्याच्या जुन्या बाजारात झेनिट स्वस्तात मिळतोय, घेऊ का? लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतंय, ते पुसता येईल का? रोल धुऊन आला आणि अख्खा कोरा निघाला, चूक कुणाची? विचारणारे बरेचसे लोणावळा, मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव या पट्ट्यात राहणारे किंवा शनिवार-रविवारी इथे येणारे असतात.

या प्रश्नांची उत्तरं कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तकात पूर्ण मिळत नाहीत, कारण ती पुस्तकं लिहिणाऱ्यांनी मावळचा आषाढ पाहिलेला नव्हता. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून रेल्वेने तीस किलोमीटर पूर्वेला असलेल्या तळेगावात त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे कॅमेरा कोणता घ्यायचा, कुठे ठेवायचा, कधी बाहेर काढायचा, हे सगळं इथे ओलाव्याचा विचार करूनच ठरवावं लागतं. रोख त्यावर ठेवूनच पुढचं वाचा.

घरात कॅमेरा सापडला असेल तर

मागचं झाकण लगेच उघडू नका. आत रोल असू शकतो, आणि उजेड लागला की त्यावरचे फोटो गेलेच. या क्रमाने जा :

१. रोल उलटा गुंडाळायची मूठ बाणाच्या दिशेने अगदी हलक्या हाताने फिरवा. ताण जाणवला तर आत रोल आहे. कॅमेऱ्याच्या तळाचं छोटं बटण दाबून तो पूर्ण गुंडाळा आणि मगच झाकण उघडा. फिल्म वीस-पंचवीस वर्षांची असली तरी टाकून देऊ नका. रंग बिघडलेले असतील, पण माणसं ओळखू येण्याइतकं चित्र बऱ्याचदा शिल्लक असतं. लॅबला फिल्मचं वय सांगून द्या.

२. बॅटरीचा कप्पा पाहा. पांढरट-हिरवट साका दिसला तर कापसाच्या काडीला किंचित व्हिनेगर लावून पुसा आणि लगेच कोरडं करा. व्हिनेगर कप्प्यात ओघळू देऊ नका.

३. झाकण उघडं ठेवून एक सेकंदापासून सगळे वेग चालवून पाहा. एक सेकंदाचं शटर अडखळत असेल किंवा मध्येच थांबत असेल, तर आतलं वंगण सुकलं आहे. हा बिघाड दुरुस्त होतो.

४. झाकणाच्या कडेचा काळा फोम बोटाने दाबून पाहा. बोटाला डांबरासारखं चिकटलं तर तो कुजला आहे. तिथून उजेड शिरून फोटोवर लाल-केशरी पट्टे येतात. नवा फोम बसवून घ्या. आरशाच्या वरची फोमची पट्टीही त्याच वेळी बदलायला सांगा.

५. लेन्स काढून अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागून मोबाइलची टॉर्च लावा आणि पुढून तिरकं पाहा. बारीक धुळीचे कण दिसले तर काळजी करू नका. धाग्यांसारखं जाळं दिसलं तर ती बुरशी, म्हणजेच कॅमेरावाल्यांच्या भाषेत फंगस.

६. फोकस नीट बसतो का, ते दूरच्या वस्तूवर तपासा. खंडाळ्यात असाल तर नागफणीचा सुळका उत्तम. लेन्स अनंतावर ठेवा. व्ह्यूफाइंडरमधल्या मधल्या वर्तुळात सुळक्याची कड तुटलेली दिसत असेल, तर लेन्स किंवा आरसा जागेवरून हललेला आहे.

विकत घ्यायचा तर

स्पष्ट सांगतो : मावळात राहणाऱ्याने पहिला कॅमेरा पूर्ण यांत्रिक शटरचाच घ्यावा. बॅटरी संपली किंवा दमट हवेने तिच्या टोकांवर गंज आला, तरी अशा कॅमेऱ्याचा फक्त लाइट मीटर बंद पडतो आणि फोटो काढता येतो. इलेक्ट्रॉनिक शटरचा कॅमेरा मात्र तिथेच थांबतो.

- पेंटॅक्स के १००० : १९७६ ते १९९७ असा दोन दशकं बनला. साधा, दणकट, शिकायला सर्वांत सोपा. साधी गोल बटण बॅटरी चालते, तीही फक्त मीटरला.
- निकॉन एफएम, एफएम २ : महाग, पण दीर्घकाळ साथ देणारे. एफएम २ वर १९७७ पूर्वीच्या, बदल न केलेल्या निकॉन लेन्स बसवू नका. कॅमेऱ्याला इजा होऊ शकते.
- यशिका एफएक्स-३ : हलका, आणि गडावर न्यायला सोयीचा. बाहेरचं आवरण सुटतं, पण ते बदलता येतं.
- झेनिट : सोव्हिएत बनावटीचा, भारतात भरपूर आलेला, म्हणून स्वस्त. जड आहे, व्ह्यूफाइंडर अंधुक आहे, आणि लोणावळ्याच्या धुक्यात फोकस लावताना हा अंधुकपणा फार नडतो. स्वस्ताईच्या मोहाने घेणार असाल तर आधी संध्याकाळच्या उजेडात डोळा लावून पाहा.
- कॅनन एई-१, मिनोल्टा एक्स-७०० : सुंदर कॅमेरे, पण बॅटरीशिवाय अजिबात चालत नाहीत. दुसरा कॅमेरा म्हणून विचार करा.
- यशिका इलेक्ट्रो ३५ : हा अनेक मराठी घरांत सापडतो. मूळची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही. अडॅप्टर लावून दुसरी बसवावी लागते. बॅटरीशिवाय तो एकाच वेगावर चालतो.

ऑलिंपस ओएम-१ सारख्या ज्या कॅमेऱ्यांच्या मीटरला १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागायची, त्यांत साधी १.५ व्होल्टची बॅटरी घातली तर मीटर चुकीचं सांगतो. श्रवणयंत्राच्या दुकानात मिळणारी ६७५ क्रमांकाची झिंक-एअर बॅटरी १.४ व्होल्टची असते. ती कागदाची किंवा रबराची कडी लावून बसवता येते. ती काही आठवड्यांत संपते, म्हणून रोल भरतानाच घाला.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे आणि मुंबईच्या चोर बाजारात घासाघीस होते, पण पावती मिळत नाही. तिथे घेताना वरच्या सहाही तपासण्या उभ्या उभ्या करा. विक्रेता झाकण उघडू देत नसेल तर पुढे चला. खर्चाचा हिशेब करताना सर्व्हिसिंग धरूनच करा. दोन जादा लेन्स घेण्यापेक्षा एक ५० मिलिमीटरची स्वच्छ लेन्स आणि एक नीट सर्व्हिसिंग, हा पैसा जास्त कामाला येतो.

फंगस : मावळातला खरा शत्रू

बुरशीला वाढायला सापेक्ष आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर, अंधार आणि साचलेली हवा लागते. जून ते सप्टेंबर लोणावळ्यातल्या बंद कपाटात हे तिन्ही फुकट मिळतं. चामड्याच्या मूळ केसमध्ये घालून कपाटाच्या तळाशी ठेवलेला कॅमेरा एका पावसाळ्यात बाधू शकतो, कारण चामडं ओलावा धरून ठेवतं आणि स्वतःही बुरतं. आठवण म्हणून ती केस जपा, पण कॅमेरा तिच्यात ठेवू नका.

काय करायचं :

- रबरी कड असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्या. दहा लिटरच्या डब्याला शंभर-दीडशे ग्रॅम सिलिका जेल पुरतं. सोबत एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. अंदाजावर राहू नका.
- आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान हवा. तीसच्या खाली गेला तर वंगण आणि रबर सुकतं.
- निळं जेल ओलं झालं की गुलाबी होतं, केशरी जेल हिरवं होतं. निळ्यात कोबाल्टचा क्षार असतो, म्हणून घरात केशरीच वापरा. मंद आचेवर, स्वयंपाकाला न वापरायच्या वेगळ्या कढईत परतलं की मूळ रंग येतो आणि जेल पुन्हा कामाला लागतं. पावसाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी हे करावं लागेल.
- तांदूळ उपयोगाचे नाहीत. ओलावा फारसा ओढत नाहीत आणि पिठी लेन्सच्या कडेत जाते. डांबरगोळ्याही नकोत, त्यांची वाफ काचेवर आणि फिल्मवर बसते.
- तीन-चार लेन्स आणि बॉडी असतील आणि घर खंडाळा-लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर असेल, तर विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घ्याच. तळेगाव-वडगावला डबा पुरेसा आहे.

सगळ्यात स्वस्त उपाय मात्र कॅमेरा वापरणं हाच. महिन्याला एक रोल काढला तर हवा खेळते, वंगण फिरतं आणि बाधा सुरुवातीलाच नजरेत येते.

फंगस लागलीच असेल तर बाहेरची काच लेन्सच्या द्रवाने तुम्ही पुसू शकता. आतली काच उघडणं हे मेकॅनिकचंच काम. लवकर दिली तर पूर्ण साफ होते. उशीर झाला की बुरशी काचेवरचा लेप खाते आणि साफ केल्यावरही तिचे चरे उरतात. अशा लेन्सने फोटो येतो, पण उजेडाकडे तोंड करून काढलेला फोटो पांढुरका दिसतो. विकत घेताना ‘थोडीशी फंगस आहे, फोटोत दिसत नाही’ असं कुणी म्हणालं तर किंमत निम्मी करा किंवा सोडून द्या. बाधलेली लेन्स साफ होईपर्यंत वेगळ्या डब्यात ठेवा.

रोल भरताना कोरा जाऊ नये म्हणून

अख्खा रोल कोरा निघण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं : फिल्म पुढच्या रिळात अडकलेलीच नसते. सावलीत उभे राहा, फिल्मचं टोक रिळाच्या खाचेत घाला, दोन्ही बाजूंची भोकं दातांवर बसलेली पाहा आणि मगच झाकण लावा. उरलेला ढिलेपणा मूठ फिरवून काढा. आता लिव्हर ओढताना डावीकडची मूठ आपोआप फिरली पाहिजे. ती फिरत नसेल तर फिल्म सरकत नाही. दर चार-पाच फोटोंनी तिकडे नजर टाकायची सवय लावा.

भरल्याबरोबर फिल्मचा वेग, म्हणजे २०० किंवा ४०० हा आकडा, डायलवर लावा. मागचा रोल वेगळ्या वेगाचा असेल आणि डायल तसाच राहिला तर सगळे फोटो एकसारखे चुकतात. झोर्की किंवा फेडसारखा रशियन कॅमेरा असेल तर आधी लिव्हर ओढा किंवा चक्र फिरवा आणि मगच शटरचा वेग बदला. उलट केलं तर आतली यंत्रणा बिघडू शकते.

रंगीत रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून एका फोटोमागे आज तीस-चाळीस रुपये सहज पडतात, म्हणून एवढी काळजी घ्यायची.

मावळात उजेड आणि फोकस

स्वच्छ ऊन असेल तर मीटरशिवायही चालतं. २०० वेगाची फिल्म, अ‍ॅपर्चर एफ/१६, शटर १/२५०. पावसाळी काळोखात ४०० ची फिल्म, एफ/४ आणि १/१२५ किंवा १/२५० यापासून सुरुवात करा. धुक्यात मीटर फसतो. समोरचा पांढरेपणा पाहून तो उजेड जास्त आहे असं समजतो आणि फोटो काळवंडतो. टायगर पॉइंट किंवा राजमाची पॉइंटवर धुकं दाटलेलं असेल तर मीटर सांगेल त्यापेक्षा एक स्टॉप उघडा. रंगीत निगेटिव्ह फिल्म थोडा जास्त उजेड सहन करते, कमी उजेड मात्र करत नाही.

धुक्यात मधल्या वर्तुळात फोकस लावायला उभी, ठळक कड शोधा. झाडाचा बुंधा, कठडा, माणसाचा खांदा चालतो. काहीच मिळालं नाही तर अंतराच्या आकड्यांवर भरवसा ठेवा. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर एफ/८ ठेवून फोकस साधारण दहा मीटरवर लावला की पाच-सव्वापाच मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं ठीक येतं. पाच मीटरवर लावला तर साडेतीन ते साडेनऊ मीटरच्या पट्ट्यात. भातलावणी करणाऱ्या माणसांचा, चालत्या पायवाटेचा फोटो काढताना हीच पद्धत उपयोगी पडते, कारण तिथे डोळा लावून फोकस फिरवत बसायला वेळ नसतो. चष्मा असेल तर तो घालूनच व्ह्यूफाइंडरला डोळा लावा.

लेण्यांसाठी वेळ पाहून जा. कार्ल्याचं आणि भाज्याचं चैत्यगृह पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून तिथे दुपारनंतरचा उजेड आत शिरतो. बेडसं पूर्वाभिमुख आहे, तिथे सकाळीच पोहोचा. भाज्याच्या चैत्याची लाकडी दर्शनी बाजू आता उरलेली नाही, त्यामुळे आत उजेड बराच खोल जातो. कार्ल्यात आत मात्र ४०० ची फिल्म, एफ/२ आणि १/१५ किंवा १/३० अशी वेळ येते. श्वास रोखून, खांबाला न टेकता, स्वतःची कोपरं छातीशी धरून फोटो काढा. खांब दोन हजार वर्षांचे आहेत.

ओलावा, ऊन आणि गाडीचा एसी

- एसी गाडीतून किंवा खोलीतून दमट हवेत कॅमेरा काढला की लेन्सवर, कधी आतही, दव धरतं. काढण्याआधी तो झिपच्या पिशवीत बंद करा आणि बाहेर अर्धा तास तसाच राहू द्या.
- फ्रिजमधली फिल्म वापरायच्या आधी दीड-दोन तास बंद डबीतच बाहेर ठेवा.
- मे महिन्यात द्रुतगती मार्गावर गाडी अडकली तर रोल डॅशबोर्डवर ठेवू नका. घाटात गाडी थांबवून फोटो काढणं तर नकोच. त्या मार्गावर असं थांबायला मनाई आहे आणि जिवाला धोकाही आहे.
- कॅमेरा भिजला तर बॅटरी काढा, कापडाने टिपा, पंख्याखाली ठेवा. हेअर ड्रायर किंवा कडक ऊन नको. ओढ्यात पडला तर लिव्हर न ओढता त्याच दिवशी मेकॅनिककडे न्या.
- विमानाने जाणार असाल तर फिल्म चेक-इन बॅगेत कधीही टाकू नका. हातातल्या पिशवीत पारदर्शक डबीत ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा.

लॅबला विचारायचे प्रश्न

रंगीत रोल रोज धुतात की आठवड्याने साठवून? कृष्णधवल स्वतः धुतात की बाहेर पाठवतात? स्कॅनची फाइल किती मोठी? तीन हजार बाय दोन हजार पिक्सेलची फाइल दहा इंची प्रिंटला पुरते, भिंतीवर मोठा फोटो लावायचा तर पुरत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं : निगेटिव्ह परत देतात ना? काही ठिकाणी स्कॅन पाठवून निगेटिव्ह काही दिवसांनी टाकून देतात. रोल देतानाच ‘निगेटिव्ह सहा-सहाच्या पट्ट्यांत कापून, स्लीव्हमध्ये परत’ असं पावतीवर लिहून घ्या.

सिनेमाच्या रिळातून कापून भरलेले स्वस्त रोल बाजारात फिरतात. त्यांतल्या अनेकांच्या पाठीवर काजळीचा काळा थर असतो. तो नेहमीच्या रंगीत यंत्रात सुटून दुसऱ्यांचे रोलही खराब करतो, म्हणून लॅबला न सांगता असा रोल देऊ नका. तो धुणारी लॅब आधी शोधा, मगच विकत घ्या.

घरी कृष्णधवल धुणार असाल तर एचपी ५ या फिल्मला एकास एक पातळ केलेल्या डी-७६ डेव्हलपरमध्ये २० अंशांना ११ मिनिटं लागतात. उन्हाळ्यात नळाचं पाणी याहून बरंच गरम असतं, बर्फाच्या टबात बाटली ठेवून तापमान आणा. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते. तो विहिरीजवळ, ओढ्यात किंवा इंद्रायणीच्या काठी ओतू नका. साठवून लॅबला द्या.

परवानगी, मनाई आणि तुमचे हक्क

मोबाइलवाल्याला ‘फोटो डिलीट करा’ म्हणता येतं. तुमच्याकडे तसा मार्गच नाही. एका फोटोसाठी अख्खा रोल जाऊ शकतो, म्हणून आधी विचारा. लोणावळ्यातला आयएनएस शिवाजीचा परिसर आणि देहूरोडचा संरक्षण विभाग यांकडे कॅमेरा रोखू नका. कार्ला, भाजे, बेडसे, लोहगड, विसापूर ही संरक्षित स्मारकं आहेत. हातात धरून साधे फोटो काढता येतात, पण ट्रायपॉड किंवा व्यावसायिक चित्रणासाठी पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते. लोहगड जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्यापासून नियमांकडे अधिक लक्ष द्या. एकवीरा आईच्या गाभाऱ्यात विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका. पावसाळ्यात धबधबे, धरणं आणि पॉइंट यांवर जिल्हा प्रशासन मनाईचे आदेश काढतं, निघण्याआधी ते पाहा. धबधब्यात भिजणाऱ्या अनोळखी माणसांचे, विशेषतः स्त्रियांचे, फोटो काढू नका. रेल्वे रुळांवर उतरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, घाटातल्या गाडीचा फोटो कितीही हवासा वाटला तरी.

कुणी कॅमेरा उघडायला लावू लागलं तर ‘आधी रोल गुंडाळू द्या’ असं शांतपणे सांगा. पोलिसांनी रोल जप्त केला तर पंचनाम्याची प्रत मागा. खासगी रिसॉर्टचा सुरक्षारक्षक तुम्हाला आवाराबाहेर जायला सांगू शकतो, रोल हिसकावू शकत नाही.

खरेदीबाबत :

- दुकानातून घेतलेला जुना कॅमेराही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कक्षेत येतो. बिल न देणं ही त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल तीस दिवसांत परत घेण्यास नकार देणं हीसुद्धा.
- ओळखीच्या माणसाकडून किंवा जाहिरात पाहून खासगी व्यक्तीकडून घेतलात तर हे संरक्षण मिळत नाही. तिथे दोष आणि किंमत निदान मेसेजमध्ये लिहून घ्या.
- आयात केलेल्या फिल्मच्या खोक्यावर आयातदाराचं नाव आणि कमाल किंमत हवी. त्याहून जास्त पैसे घेता येत नाहीत. मुदतीची तारीखही पाहा.
- लॅबने रोल खराब केला तर पावती, उरलेली फिल्म आणि लॅबशी झालेलं लेखी बोलणं जपा. ‘जबाबदारी फक्त नव्या रोलपुरती’ असं छापलेलं असलं तरी तक्रार करता येते. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर करा, मग जिल्हा ग्राहक आयोगात. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दाखल करता येते, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.
- मित्राच्या लग्नाचे फोटो पैसे घेऊन काढलेत तर वेगळा करार नसेल तेव्हा त्यांचा पहिला कॉपीराइट काम देणाऱ्याकडे जातो. निगेटिव्ह कुणाकडे राहणार, छापायची मुभा कुणाला, हे काम घेतानाच दोन ओळींत लिहून ठेवा.